कोरड्या अंगाचा मल्लखांब

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. देवळाचा नाही, मांडवाचा नाही. मी पोलादाचा, आतून पोकळ आणि वरून चकचकीत. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत, एका घराच्या मधल्या खोलीत, फरशी आणि स्लॅबच्या मध्ये मी उभा आहे. आकांक्षा नावाची एक मुलगी माझ्यावर चढून, गिरक्या घेत नाचायची. म्हणून मी नाचाचा खांब. पण या घरात माझं नाव दुसरंच पडलं. त्या नावानं मला घर दिलं आणि त्याच नावानं एकदा माझा घातही केला. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

सात वर्षांपूर्वी मी तीन तुकड्यांत, एका लांबलचक खोक्यात बसून आलो. आकांक्षा तेव्हा कॉलेजात होती. खोका उघडला, तेव्हा शेजारच्या शकुबाई दारातून डोकावल्या.

"काऊन वं छाया, घरातच बोअर मारून राह्यले का?"

आकांक्षाची आई, छायाताई, हसल्या. पण वडील धनंजय हसले नाहीत. "नाचाचा खांब? घरात? उद्याच्या उद्या वापस पाठव."

मी खोक्यात तसाच पडून राहिलो. वाटलं, आल्या पावली जायचं. एवढ्यात धनंजयांचे वडील अण्णाजी काठी टेकत आले. रोहणा या गावातली शेती दुसऱ्यांच्या हाती सोपवून ते मुलाकडे राहायला आले होते. त्यांनी वाकून माझ्यावर हात फिरवला. तो हात कसा होता सांगू? ज्वारीच्या कडब्यासारखा खरखरीत, पण फिरला तो मोरपिसासारखा.

"अरे, हा तं मल्लखांब होय!" ते म्हणाले. "लोखंडाचा आहे, एवढंच. मी रोहण्याच्या आखाड्यात चढलो तं चालते, अन् माही नात चढली तं नाई चालत?"

धनंजयांनी खोका मधल्या खोलीत सरकवला. त्या एका शब्दावर मी घरात राहिलो.

दुसऱ्या दिवशी ताराचंद मिस्त्री आले. त्यांनी छताला ठोकून ठोकून भरीव आवाज कुठे येतो ते शोधलं आणि बरोबर बीमखालची जागा धरली. माझे तुकडे एकात एक बसवले, सांध्यांचे स्क्रू आवळले. खाली रबराची बैठक, वर रबराची टोपी. ओळंबा सोडून मी सरळ आहे की नाही ते दोन बाजूंनी पाहिलं. मग माझ्या पायातले आटे, म्हणजे स्क्रूसारख्या गोल खाचा, पान्यानं फिरवायला लागले. जसजसा आटा फिरे, तसतसा मी वर सरके आणि छताला घट्ट टेके. माझ्यासाठी छताला भोक पाडावं लागलं नाही की खिळा ठोकावा लागला नाही. फक्त रेटून उभं राहायचं.

शेवटी अण्णाजींनी मला दोन्ही हातांनी धक्का दिला आणि विचारलं, "हालतो का रे, मल्लखांबा?"

मी हललो नाही. पुढं रोज, आकांक्षा चढण्याआधी, ते हाच धक्का देत आणि हाच प्रश्न विचारत.

काय दिवस होते ते! आकांक्षा रोज स्पिरिटचा बोळा आणि कोरडं फडकं घेऊन यायची. माझ्यावर घामाचा, धुळीचा कण राहू द्यायची नाही; अंग कोरडं नसलं की हात निसटतो. वैशाखात कूलरची ओल माझ्या अंगावर बसे, तेव्हा कूलर बंद करून ती घामाघूम होत मला पुसायची, मगच चढायची. हळूहळू शकुबाईंची नात येऊन बघू लागली. मग शकुबाईच येऊ लागल्या. "पोरगी वाऱ्यावरच्या ओढणीवानी फिरते वं," असं त्या म्हणत आणि चहा होईपर्यंत हलत नसत.

मग नागपूरच्या स्पर्धेसाठी आकांक्षाची निवड झाली. खुद्द धनंजयांनी रजा टाकली. जायच्या आदल्या सकाळी सगळे अजून अंथरुणात असताना अण्णाजी माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात एरंडेलाची बाटली होती.

मित्रांनो, लाकडाच्या मल्लखांबाला एरंडेल चोळतात. त्यानं लाकूड तडकत नाही आणि अंग सोलवटत नाही. अण्णाजींनी उमेदीची सगळी वर्षं तेच केलं होतं. "उद्या आपल्या पोरीची परीक्षा आहे बरं," ते मला म्हणाले आणि पायापासून हात पोहोचेल तिथपर्यंत मला तेल चोळलं. वरून फडक्यानं पुसलंही, जास्तीचं तेल ओघळू नये म्हणून. इतक्या मायेनं मला कोणी कधी शिवलं नव्हतं. आणि मी आतून ओरडत होतो, पण पोलादाला कुठला आवाज?

त्या दिवशी आकांक्षाला उशीर झाला होता. खांब चकाकतोय, म्हणजे आईनं पुसलाच असेल, असं तिला वाटलं. अण्णाजी बाहेर ओट्यावर होते. ती धावत आली, चढली, पाय सोडून एका हातावर फिरली आणि निसटली. मनगटाचं हाड मोडलं.

पडल्या पडल्या तिनं आपला चांगला तळवा नाकाशी नेला. मी ते पाहिलं. मग तो ओढणीला घाईघाईनं पुसला आणि धावत आलेल्या सगळ्यांना म्हणाली, "हाताले घाम आला होता."

संध्याकाळी धनंजयांनी मला उतरवलं. तीन तुकडे जुन्या लुगड्यात बांधून दिवाणाखाली सरकवले. "लोखंडाचा काय भरवसा," ते म्हणाले. अण्णाजींनीही होकाराची मान हलवली. ती स्पर्धा गेली, पुढचीही गेली. प्लास्टर निघालं, तरी आठ महिने मी अंधारात होतो. फरशीवर आकांक्षाचे पाय दिवाणापाशी येऊन थांबायचे आणि परत जायचे.

एका दुपारी अण्णाजींनीच मला बाहेर ओढलं. छायाताई तांदूळ निवडत होत्या.

"मामाजी, हे काय करून राह्यले?" सासऱ्यांना त्या मामाजी म्हणत.

"जंग लागन वं त्याले. तेल लावून ठेवतो. त्या दिवशी सकाळी लावलं होतं ना, तसंच."

छायाताईंचा हात सुपातच थांबला. "कोणत्या दिवशी, मामाजी?"

अण्णाजींनी बाटलीकडं पाहिलं. मग स्वतःच्या तळव्याकडं. मग ते फरशीवर बसले ते आकांक्षा येईपर्यंत उठले नाहीत.

"पोरी, तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

आकांक्षा त्यांच्याजवळ बसली. "वास आला तव्हाच समजलं मले. पण तो तुमच्या आखाड्याचा वास होता, अण्णाजी. त्याले चूक कशी म्हणू?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. धनंजय कामावरून आले, तेव्हा अण्णाजी दारातच उभे होते. "खांबाची चूक नाई, माही आहे. मल्लखांब उभा कर," ते म्हणाले. मग ताराचंद मिस्त्रींना निरोप गेला, आणि या वेळी ओळंबा खुद्द धनंजयांनी धरला.

मिस्त्रींनी अण्णाजींना सांगितलं, "तेल लावाचंच असन तं आतल्या आट्याले लावा. तिथं पाहिजेच ते." तेव्हापासून वाटणी झाली. बाहेरचं पुसणं नातीचं, आतला थेंब आजोबांचा. अण्णाजींनी त्यावर ओवीच जुळवली, आणि आटे फिरवताना ते ती गुणगुणत:

तेल लावा लाकडाले, पानी घाला मातीले,
कोरडा पदर बाई, लोखंडाच्या छातीले.

अण्णाजींना जाऊन आता दोन वर्षं झाली. आकांक्षा नागपूरला मुलींना नाच शिकवते. माझ्यावर कधी ओला टॉवेल येतो, कधी छत्री अडकते. पायाशी तांबूस ठिपके उठले आहेत.

गेल्या महिन्यात आकांक्षा आली. तिनं मला पुसलं, धक्का दिला, आणि मी हललो! आटे आवळायला गेली, तर ते जाम. धनंजयांनी पाना लावून जोर केला. "तुटन आता. भंगारात देऊन टाकू का?"

छायाताई उठल्या आणि अण्णाजींच्या फळीवरून बाटली घेऊन आल्या. तळाशी थोडं एरंडेल उरलं होतं. त्यांनी आट्यावर एक थेंब सोडला. सगळे वाट पाहत बसले. खोलीभर तो वास पसरला, आणि पाना फिरला.

मित्रांनो, वस्तूवर माया करा, पण आधी विचारा, तिला काय हवं आहे? कुणाला तेल हवं असतं, कुणाला कोरडं फडकं. आणि चूक मायेनं झाली असेल, तर ती माया फेकू नका. तिला तिची जागा दाखवा.

आकांक्षानं बोळा फिरवला. ती चढणार, इतक्यात धनंजय पुढं झाले. ज्यांनी मला सात वर्षांत कधी नावानं हाक मारली नव्हती, त्यांनी दोन्ही हातांनी मला धक्का दिला आणि अगदी हळू विचारलं, "हालतो का रे, मल्लखांबा?"

मी हललो नाही.