आईसाठी लांब चीर

कोलंबियातल्या इबागे गावात दोन्या ओलिंपाच्या, म्हणजे ओलिंपाबाईंच्या, तामालच्या दुकानापुढे रविवारी सकाळी रांग लागायची, आणि रांगेतल्या निम्म्या लोकांना तरी माणसाच्या पायातली शीर पाय न फाडता कशी काढतात हे ठाऊक होतं. ओलिंपाच सांगायची. मक्याच्या पिठाचा, केळीच्या पानात उकडलेला वाफाळता तामाल पुढे सरकवता सरकवता ती स्वतःच्या जाडजूड पोटरीवर बोट फिरवून दाखवायची. पूर्वी बायपास म्हटलं की घोट्यापासून मांडीपर्यंत पाय उभा उसवायचे आणि शीर काढून हृदयाला जोडायचे. आता माझी लेक विकते त्या यंत्रानं गुडघ्यापाशी एवढंसं भोक पाडतात, आत कॅमेरा सरकवतात, आणि शीर अलगद बाहेर. गिऱ्हाईक निमूटपणे ऐकून घ्यायचं, कारण असे तामाल गावात दुसरीकडे मिळत नव्हते.

लेक म्हणजे लुस दारी. ती यंत्र बनवणाऱ्या कंपनीची प्रतिनिधी म्हणून आसपासच्या सगळ्या मोठ्या रुग्णालयांत फिरायची. तिचं बोलणं ठरलेलं असे. लठ्ठ बाई, त्यात डायबेटिस, अशा पेशंटच्या पायाची लांब चीर भरत नाही, चिघळते, कधीकधी जिवावर बेतते. छोट्या भोकाची जखम मात्र पटकन भरून येते. यात खोटं काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढं तिला लबाड ठरवून मोकळं होण्याचा मोह होईल.

घोडं अडायचं ते हातापाशी. यंत्र चालवायला सरावलेला हात लागतो, आणि तो सराव जिवंत माणसावरच होतो. म्हणून कंपनी सुरुवातीचे काही संच रुग्णालयाला फुकट द्यायची, आणि रुग्णालय ते जनरल वॉर्डातल्या लोकांवर वापरायचं. लुस दारी ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलापासून चार पावलं दूर, हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि पडद्याकडे बघत शिकणाऱ्याला सांगायची: सावकाश, ओढू नका, शिरेला फुटलेली ती बारीक फांदी आधी बंद करा. कंपनीच्या माणसानं पेशंटला बोट लावायचं नाही, हा नियम. तोंडानं मात्र कितीही शिकवा.

टेकडीवरच्या हृदयाच्या रुग्णालयात शिकणारा होता एवेर, शस्त्रक्रियेतला मदतनीस. मनापासून काम करणारा पण घाबरट. अगदी सुरुवातीला तो एका वॉचमनची शीर काढत होता. लुस दारी थांबा म्हणाली आणि तो क्षणभर उशिरा थांबला. फांदी फाटली, शीर ताणली गेली. मुख्य सर्जन डॉक्टर बारागाननी ती उजेडात धरून पाहिली, दोन ठिकाणी टाके घातले आणि तीच हृदयाला जोडली. छाती उघडी असताना दुसरी शीर काढायला वेळ कुठला? वॉचमन पायावरची इवलीशी खूण बघून खूश होऊन घरी गेला आणि ईस्टरचा पवित्र आठवडा उलटल्यावर छाती धरून परत आला. जोडलेली शीर आतून बंद झाली होती. शिरा बंद होतातच कधीकधी, कोणी कोणाला विचारलं नाही. कॉरिडॉरमध्ये लुस दारी दिसल्यावर त्यानं पँट वर करून दाखवली, "बघा बाई, डागसुद्धा नाही!" ती हसली, कौतुक केलं, आणि बाथरूमची कडी लावून बराच वेळ आत बसून राहिली. त्यानंतरही तिनं संच विकलेच. विकायचे नाहीत तर करायचं काय?

मग ओलिंपाच एका रविवारी मक्याच्या पिठाच्या पातेल्यावर वाकली ती तिथंच कोसळली. टेकडीवरच्या रुग्णालयात नेलं तर हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. बारागाननी बायपास सांगितला. ओलिंपानं रडारड केली नाही. शेजारच्या खाटांवरच्या बायकांना तिनं पोटरी दाखवून सगळं समजावून सांगितलं आणि वर हेही सांगितलं की आपल्याला सगळ्यात नवं यंत्र लागणार आहे, घरचंच आहे ना.

 डोळे मिटले की लुस दारीला ती ताणलेली, टाके घातलेली शीर दिसायची. तिनं बारागानना कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं.

"डॉक्टर, आईला लांब चीर द्या. जुन्या पद्धतीनं करा."

बारागाननी कप खाली ठेवला. "तुमची आई लठ्ठ आहे, डायबेटिस आहे. अशा पायांसाठी जुनी पद्धत वाईट, हे दोन वर्षं तुम्हीच माझ्या कानीकपाळी ओरडताय."

"ठाऊक आहे."

"मग?"

"एवेरच्या हातून नको."

"एवेर आता चांगला तयार झालाय. तुम्हीच तयार केलाय त्याला."

"त्या वॉचमनची शीर मी पाहिली आहे. माझी आई आहे हो ती."

 बारागान म्हणाले, "वॉचमनलाही आई असेल." आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. शेवटी त्यांनी मान हलवली. जखमेचं आपण बघून घेऊ, औषधं आहेत, म्हणाले. फक्त हे इथंच राहू द्या, पुढच्या महिन्यात यंत्र विकत घ्यायचं का ते ठरवायला खरेदी समिती बसणार आहे आणि विकणारीच आपल्या आईला हे नको म्हणते असं कळलं तर संपलंच.

आईला तिनं सांगितलं की यंत्र दुरुस्तीला गेलंय. ओलिंपा हिरमुसली. "म्हणजे माझ्याच वेळेला बरं बिघडलं ते!" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला मरणाची भीती नव्हती, आपली एवढी बढाई वाया गेली याचं वाईट वाटत होतं.

ऑपरेशन उत्तम झालं. बारागानचा हात सोन्यासारखा. तीनही जोडण्या पहिल्याच दमात वाहू लागल्या. पाय घोट्यापासून मांडीपर्यंत उघडून शीर काढली होती, स्वच्छ, एक ओरखडा नाही. लुस दारीचा जीव भांड्यात पडला. बाहेर आली तर समोर एवेर उभा. शेजारच्या थिएटरमध्ये त्यानं त्याच सकाळी एका शिक्षिकेची शीर काढली होती, छोट्या भोकातून, आणि फोनवर त्या शिरेचा फोटो दाखवायला तो थांबला होता. शीर गुळगुळीत होती, अख्खी होती. लुस दारीनं इतकी सुंदर शीर मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या हातांनी काढलेलीही क्वचितच पाहिली होती.

"दोन्या लुस, तुमच्या आईच्या वेळी मला का नाही बोलावलं?" त्यानं विचारलं. "मी तयारी करून बसलो होतो."

डॉक्टरांनी ठरवलं, असं ती म्हणाली. खरं काय ते एवेर समजला. मान खाली घालून फोन खिशात टाकला आणि निघून गेला.

आठवडाभरात गुडघ्याखालचे टाके ओलसर दिसू लागले. मग कडा काळपट पडल्या. मग चादर उचलली की वास यायचा, आणि भेटायला येणाऱ्या शेजारणी खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. जखम उघडली, कापली, धुतली, पुन्हा कापली. साखर काही केल्या खाली येईना. औषधं बदलली. बारागान रोज स्वतः येऊन पट्टी सोडायचे आणि जखम धुऊन पुन्हा बांधायचे. छातीची जखम एव्हाना कोरडी ठणठणीत झाली होती. मशीनवर हृदयाचे ठोके तरण्या बाईसारखे नियमित पडत होते.

लुस दारी उशापाशी बसून असायची. खरं सांगून टाकावं असं तिला रोज वाटायचं. एकदा तिनं तोंड उघडलंही, "आई, ते यंत्र बिघडलं नव्हतं गं."

ओलिंपा तापात होती. तिनं लेकीचा हात थोपटला. "असू दे. तुझा काय दोष? कंपनीनं दिलं नसेल." आणि तिला झोप लागली. पुन्हा सांगायचं धैर्य लुस दारीला झालं नाही. विष रक्तात पसरलं आणि चार दिवसांनी ओलिंपा गेली. हृदय अगदी शेवटपर्यंत चांगलं चाललं होतं, असं बारागान म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकवेना.

नऊ दिवसांच्या प्रार्थना आटोपल्या. दुकान बंदच राहिलं. पुढं ढकललेली खरेदी समितीची बैठक आता ठरली. त्याआधी बारागाननी फोन केला. फार चाचरत बोलत होते. त्या पायाचे फोटो समितीला दाखवावेत असं त्यांच्या मनात होतं; नाव, चेहरा काही नाही, फक्त पाय. पैसे वाचवायला बसलेल्या लोकांना चिघळलेल्या जखमांचे आकडे कळत नाहीत, पाय कळेल. निदान पुढच्या बायका वाचतील. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. लुस दारीनं हो म्हटलं. एवढं तरी व्हावं असं तिला वाटलं, आणि नाही म्हणण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही असंही.

बैठकीत तिला भिंतीजवळ खुर्ची दिली होती. दिवे मंद केले आणि पडद्यावर तिच्या आईचा पाय आला, माणसाहून मोठा, मांडीपर्यंत उघडा. कोणीतरी श्वास आत ओढला. समितीच्या प्रमुख बाई हिशेबाच्या खात्यातल्या होत्या, करड्या पण वाईट नव्हेत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"तुमचं साधन वापरलं असतं तर ही बाई वाचली असती?" त्यांनी लुस दारीला विचारलं.

"हो," लुस दारी म्हणाली.

"तेव्हा ते रुग्णालयात होतं?"

"होतं."

"चालवणारा माणूस होता?"

"होता. चांगला होता."

"मग वापरलं का नाही?"

बारागान टेबलाकडे बघत होते. लुस दारी बसल्या जागी ताठ झाली आणि डॉक्टरांपुढे बोलायची तिची जी सवय, त्याच स्वच्छ, शांत आवाजात तिनं उत्तर दिलं.

"घरच्यांनी नको म्हटलं."

बाईंनी सुस्कारा टाकला. "काय लोक असतात एकेक," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या माणसाचं भलं कशात आहे तेही कळत नाही." त्यांनी पेन उघडून सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. पहिल्या खेपेला किती संच पाठवता येतील, असं त्यांनी विचारलं, आणि लुस दारीनं आकडा सांगितला.