निरोप्याच्या माथी मारलेली चूक

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. मी म्हणजे इस्पितळाच्या संगणकातल्या प्रोग्रामच्या चाळीस ओळी. लहान मुलांच्या वॉर्डात एखाद्या बाळाचा प्राणवायू कमी झाला, की यादीतल्या सगळ्या सिस्टरांच्या फोनवर निरोप धाडायचा, हे माझे काम. अकरा वर्षांत मी एक दिवस रजा घेतली नाही. तरी आज माझ्याच नावाला बट्टा लागला आहे!

मला इस्पितळाच्या संगणक विभागातल्या मोठ्या बाईंनी घडवले. माझ्या पोटात त्यांनी एक यादी ठेवली. पाळीवर आलेल्या सिस्टरने बटण दाबले की तिचे नाव यादीत चढे, पाळी संपली की उतरे. यादी एकच, तीच बदलत राहायची. "आमचा निरोप्या कधी दगा देत नाही हो," असे सिस्टर सगळ्यांना सांगायच्या.

पुढे सगळा प्रोग्राम संगणकाच्या नव्या भाषेत न्यायचे ठरले. ते काम एका दाढीवाल्या इंजिनियरकडे आले. त्या भाषेत एकदा केलेली यादी बदलत नाही. नाव घातले की जुनी तशीच राहते आणि ते नाव असलेली दुसरी यादी हाती येते. ती ठेवून घ्यावी लागते. दाढीवाल्याला हे पाठ होते. पण स्वारी घाईत! त्याने माझ्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या, नाव घातले, आणि हाती आलेली यादी तिथेच सोडून दिली. चाचणी घेतली तीही आधीच भरलेल्या यादीवर, म्हणून चूक दिसलीच नाही.

पहिल्याच दुपारी तीन नंबरच्या खाटेवरचे बाळ निळे पडू लागले. नवा निरोप्या रिकामी यादी वाचून गप्प बसला. सिस्टर दुपटे बदलायला म्हणून तिथे गेली, तिने धावाधाव केली, म्हणून बाळ वाचले.

"अहो, माझा फोन वाजलाच नाही! मी गेले नसते तर?" ती म्हणाली.

"जुन्या निरोप्यातलीच चूक असणार," दाढीवाला म्हणाला. "मी तर फक्त उतरवून घेतलं."

मला अंग नाही, तरी अंगाचा तिळपापड झाला!

मोठ्या बाईंनी माझ्या आणि नव्या निरोप्याच्या ओळी वाचल्या. "अरे, याच्या ओळी आणल्यास, पण याचं काम काय ते बघितलंस का? नवी यादी कुठे ठेवलीस?"

दाढीवाल्याने मान खाली घातली आणि सगळे नव्याने लिहिले. नव्या भाषेत यादी पोटात सांभाळणारा कुणी लागतच नाही. ती हातोहात पुढे द्यायची आणि प्रत्येक नावाला निरोप धाडायचा. चार ओळींत काम झाले, आणि चोख झाले. माझी जागा गेली याचा मला राग नाही.

राग आहे तो त्या चार ओळींच्या डोक्यावरच्या टिपेचा. दाढीवाल्याने तिथे लिहिले आहे, "जुन्या निरोप्यातली चूक दुरुस्त केली." बाईंच्या नजरेतून ती निसटली. पुढे येणारा प्रत्येक इंजिनियर ती वाचेल आणि खरी मानेल.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन जुने काढाल, नवे आणाल. खुशाल आणा. मलाही पुसून टाका, माझी तक्रार नाही. फक्त त्याआधी ती टीप पुसा.