टीं-टीं बोलणारा त्रिशूळ

धसईच्या बाजारात भाजीचे वाटे उघड्यावर टाकून माणसं पारापाशी लोटली होती. मधोमध एक बुवा त्रिशूळ नाचवत होता, आणि त्रिशूळ चक्क टीं-टीं बोलत होता.

"देव बोलतोय! हरवलेलं जनावर पाताळातूनही काढीन! पण माझा ताईत कुणी उघडून बघाल, तर निर्वंश व्हाल!"

थापांना ऊत आला होता. माझं मात्र डोकं फिरलं, कारण तो आवाज माझा होता.

माझं आटगावला रेडिओ दुरुस्तीचं दुकान. २००३ साली मी हरवलेल्या कुत्र्यांसाठी यंत्र बनवलं. एक डबी कुत्र्याच्या पट्ट्यात, दुसरी मालकाच्या हातात. जवळ जाल तशी टीं-टीं वाढते. पैशाअभावी सगळ्या डब्या एकाच लहरीवर ठेवल्या, म्हणजे पट्ट्यातली कुठलीही डबी हातातली कुठलीही डबी वाजवते, ही माझी चूक. चार जोड खपले. त्यातला एक बुवाशेजारी उभ्या याच चेल्यानं नेला होता.

शेळ्या पाळणारी भिमी रडवेली होऊन बुवापुढे उभी होती. तिची चंपी कुत्री तीन दिवस गायब, आणि राखण नाही म्हणून बिबट्यानं एक शेळी उचलली होती. गेल्या बाजारी चंपीच्या गळ्यात फुकट ताईत बांधणारा बुवा आता तिची गाभण शेळी मागत होता.

"देते रं बाबा, पन माजी चंपी आन."

मी पिशवीतली पट्ट्याची जादा डबी चालू करून तिच्या मुठीत दिली. "भिमीबाय, बुवाजवळ जा. मंग लांब जा."

ती जवळ गेली, त्रिशूळ किंचाळला. लांब गेली, मंदावला.

"काय बुवा, चंपी हिच्या मुठीत हाय का?"

लोक फिदीफिदी हसले. बुवा "निर्वंश! निर्वंश!" ओरडत असतानाच मी त्रिशुळावरचं फडकं फाडलं. आत माझीच डबी.

भिमीची डबी बंद करून आम्ही त्याच त्रिशुळामागे निघालो. पडक्या वीटभट्टीत चंपी सापडली, तोंड सुतळीनं आवळलेली. भिमीनं सुतळी सोडली आणि ताईत दातांनी फाडला. त्यातून पट्ट्याची डबी पडली. तोवर बुवा आणि चेला शिव्या खात पळाले होते.

"रत्नदीपदादा, मंग तुजं तरी खरं कशावरनं?" भिमीनं विचारलं.

मी डबी आणि पेचकस पुढे केले. "उघडून बघ."

तिनं उघडलं. "सेल हाय. तारा हायेत. देव नाय."

लोकहो, एवढंच करा. उघडून बघा. जो उघडू देत नाही, त्याला शेळीच काय, लेंडीसुद्धा देऊ नका.