तळ्याचा परवाना

आमच्या दुकानात पडदे शिवून मिळतात. मापं मी घेते. कापणं आणि शिवणं मोठ्या जाऊबाईंकडे. मी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, दुकानात येऊन आकडे सांगायचे आणि जाऊबाईंनी थेट कात्री चालवायची. पुन्हा मोजायचं नाही, हा त्यांचाच नियम. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, कापड महागाचं आहे, एकदा खात्री करून घ्या." तर जाऊबाई त्याच्यावरच उखडल्या. "हिने सांगितलंय ना? मग झालं तर!"

अशा बाईला मी थाप मारली. आणि तीही आकड्याचीच.

त्याचं असं झालं. माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा दर उन्हाळ्यात डोंगरात भटकतात. यंदा त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला गळ घातली, की एका रात्रीसाठी डोंगरातल्या तळ्यावर चला. पाठीवर सामान घ्यायचं, दिवसभर चढायचं, तळ्याकाठी तंबू ठोकायचा आणि दुसऱ्या दिवशी उतरायचं. वनखात्याचा परवाना लागतो. तो मी काढावा असं ठरलं, कारण ते कार्यालय दुकानापासून दोन गल्ल्या सोडून आहे. मी तर हरखूनच गेले. येता-जाता बहिणीला फोन. बूट कुठले, झोपायची पिशवी किती जाड, वर पाणी गाळून प्यायचं की उकळून, एक ना दोन.

आता दुकान केवढं, तर पुढे काउंटर, मागे कापायचं टेबल, त्याला लागून शिलाई मशीन. इथे शिंकलं की तिथे ऐकू जातं. मी फोन ठेवला की मशीन थांबायची आणि जाऊबाई विचारायच्या, "मग मी स्वेटर एक घेऊ की दोन?"

त्यांना कोणी चला म्हटलंच नव्हतं. पण घरातलं कोणी कुठे निघालं की आपणही निघालो, असं त्या धरूनच चालतात. मोठे दीर बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रात. मूलबाळ नाही. आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्याच राहतात. आमच्याशिवाय त्या जाणार तरी कोणाबरोबर, हे मला कळत नाही असं नाही. सगळं कळतं.

पण त्या हळू चालतात. हळू म्हणजे किती, तर चार पावलं टाकायची, कोणाच्या तरी खिडकीकडे बघायचं, "शिवण बघ कशी ओढली गेलीय" म्हणायचं, दम घ्यायचा, मग पुढची चार पावलं. आणि त्यांच्यासोबत मागे कोण राहणार? मी. धाकटी जाऊ ना! नवरा लांब ढांगा टाकत केव्हाच दिसेनासा होतो. मागच्या वर्षी टेकडीवरचा मनोरा बघायला गेलो, तर आम्ही दोघी पोचेपर्यंत फाटक बंद झालं होतं. वरून काय काय दिसलं ते बाकीच्यांनी मला परतीच्या वाटेवर रंगवून सांगितलं. निदान तळं तरी मला माझ्या चालीने गाठायचं होतं.

हे तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. एरवी मी गिऱ्हाइकांना फाडफाड बोलते, पण इथे माझी दातखीळ बसली. शेवटी एका दुपारी, त्या पडद्याला अस्तर लावत होत्या तेव्हा, मी कापडाचे तागे उगाच खालीवर करत म्हटलं, "वहिनी, एक घोळ झालाय. परवाना चारच जणांचा मिळतो. एका तंबूला चार माणसं. नियमच आहे तसा."

"चारच?"

"चारच."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मशीन सुरू केली.

एक उलट प्रश्न नाही. निदान कुरकुर तरी करतील, म्हणजे मलाही जरा चिडता येईल, असं मला वाटलं होतं. पण मी चार म्हटलं म्हणजे चार. संध्याकाळी जेवताना नवऱ्याने विचारलं, "वहिनी येतायत ना?" मी पानातून नजर न उचलता म्हटलं, "गुडघे दुखतायत त्यांचे. नकोच म्हणाल्या." बहिणीलाही तेच कळवलं. एकदा सुरुवात केली की जीभ कशी सराईत होते, याचं माझं मलाच नवल वाटलं.

दोन दिवसांनी जाऊबाईंनी विचारलं, "तुमच्या चौघांच्या बॅगांचं माप दे गं." मी दिलं. न्हाणीघराच्या पडद्यांचं जलरोधक कापड उरलं होतं, त्यातून त्यांनी चार बॅगांना पावसापासून वाचवायला खोळी शिवल्या. त्या कापडावर निळे मासे होते. "डोंगरात मासे घेऊन चालणारी पहिलीच माणसं तुम्ही," म्हणत त्या स्वतःच हसल्या. खोळी अगदी चपखल बसल्या. मी छान झाल्यात म्हटलं आणि कोणी हाक मारली नसताना काउंटरकडे गेले. लाज वाटत होती. तरी खरं सांगून टाकावं, असं काही माझ्या मनात आलं नाही. दोन दिवस ढकलले की आपण डोंगरात, एवढंच येत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. बहीण आणि तिचा नवरा आले, कापायच्या टेबलावर सगळा पसारा मांडला. मेहुणे वजनाच्या बाबतीत भलतेच काटेकोर. दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा अर्धा मोडून आणलेला. आमच्या ह्यांनी मात्र घरातली लोखंडी कढई आणली होती, तिच्यावरून मेहुण्यांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. मी सूपची पाकिटं वाटण्या करून चार बॅगांमध्ये घालत होते. इतकी खुशीत होते की गाणं गुणगुणत होते.

तेवढ्यात जाऊबाई आल्या. ठेवणीतले कपडे, कपाळावर घाम, हातात पर्स.

"अगं, ऐक!" दारातूनच त्यांनी सुरुवात केली. "वनखात्यात जाऊन आले. म्हटलं, नियम आहे तर आहे, पण विनंती करून बघायला काय जातंय? तिथल्या साहेबांना म्हटलं, चाराचे पाच करा, मी तुमच्या कार्यालयाचे सगळे पडदे फुकट शिवून देते. काय मेले ते पडदे, जाळी झालीय नुसती! तर तो हसायलाच लागला. रांगेतली माणसंही हसली. म्हणाला, बाई, हे कोणी सांगितलं तुम्हाला? चार काय, चाळीस जण जा." त्या खुर्चीत बसल्या आणि पदराने घाम पुसला. "तुला कोणीतरी भलतंच सांगितलं गं. मी आपली सगळ्यांसमोर तुझी बाजू घेऊन भांडत होते, की आमची ही आकड्यात चुकत नाही म्हणून."

सूपचं पाकीट हातात तसंच राहिलं.

बहीण सरळ स्वभावाची. ती म्हणाली, "मग तर छानच झालं! पण वहिनी, तुमचे गुडघे? तुम्हीच नको म्हणालात असं ताई सांगत होती."

"माझे गुडघे?" जाऊबाईंनी खाली आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग वर माझ्याकडे पाहिलं.

त्यांना सगळं कळलं. ते कळताना मला दिसलं. आधी कपाळाला आठी पडली, मग ती हळूहळू गेली. त्या रांगेतलं हसू त्यांना आता पहिल्यांदाच ऐकू आलं असावं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"हो, मीच म्हणाले होते तिला," जाऊबाई म्हणाल्या. "जरा कुरकुरत होते. आता बरे आहेत."

नवरा काही फसला नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नुकताच घडी केलेला तंबू उलगडून पुन्हा घडी करायला घेतला. त्याने चारचौघांत मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं. पण माझी अब्रू मी फसवलेल्या बाईनेच झाकलेली. "पाचव्या माणसासाठी झोपायची पिशवी भाड्याने आणायला हवी," असं काहीतरी पुटपुटत तो मेहुण्यांना आणि बहिणीला घेऊन बाहेर पडला.

आम्ही दोघीच उरलो.

"वहिनी, माझं चुकलं," मी म्हटलं. मग तेच पुन्हा म्हटलं.

त्या टेबलावरचे कापडाचे तुकडे गोळा करत होत्या. "एकच सांग," त्या म्हणाल्या. "मी हळू चालते म्हणून, की मी नकोच म्हणून?"

उत्तर सोपं होतं. हळू चालता म्हणून. स्वतःलाही मी इतके दिवस तेच सांगत आले होते. पण तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. दिवसभर दुकानात त्यांचा आवाज, संध्याकाळी जिन्यात त्यांचा आवाज, आणि तळ्यावर तो नसणार म्हणून मला केवढं हलकं वाटलं होतं, ते नेमकं त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं. जाऊबाई वाट बघत उभ्या होत्या.

"हळू चालता म्हणून," मी म्हटलं. फार उशिरा म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बरं. मग मी उद्या पहिल्या बसने पुढे जाते. वर जायला वाट एकच आहे, साहेबाने सांगितलं. तुम्ही मागच्या बसने या आणि मला ओलांडून पुढे जा. तळं बघायचंय मला. माझ्यासाठी कोणी थांबायचं मात्र नाही."

"मी थांबेन, वहिनी. तुमच्याच बसने येते. तुमच्याबरोबर चालते, खरंच."

"नको, नको. तुम्हाला कशाला त्रास?"

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. ज्या आवाजात आम्ही अनोळखी गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडतो, त्या आवाजात म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या आवाजात त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या.