द्राक्षं निजवणारी ताटी

मित्रांनो, मी बोरूची एक जुनी ताटी आहे. वेरोनाच्या वरच्या टेकड्यांत, एका दगडी घराच्या माळ्यावर माझं सारं आयुष्य गेलं. ओरेस्ते नावाच्या शेतकऱ्यानं ओढ्याकाठचे बोरू कापून मला विणलं, तेव्हा त्याचे केस काळेभोर होते. वसंतात माझ्यावर रेशमाच्या अळ्या तुतीचा पाला खात बसायच्या. दिवसरात्र नुसती कुरकुर! मला ते मुळीच आवडत नसे. मी वाट बघायची ती सुगीची.

सुगीत द्राक्षं यायची. सगळा घड नव्हे हं! प्रत्येक घडाला वरच्या बाजूला दोन छोटे कान असतात, म्हणजे बाजूला फुटलेले चिमुकले घोस, आणि ऊन खरं तर त्यांनाच मिळतं. ओरेस्ते तेवढेच निवडायचा आणि एकमेकांना टेकू न देता माझ्यावर निजवायचा. मग अर्धा हिवाळा ती नुसती झोपायची. सुरकुतायची, आटायची, गोड होत जायची. खिडक्यांतून सरोवराकडचा कोरडा वारा हळूच यायचा, आणि माळ्यावर असा वास दाटायचा की मलाही गुंगी येई. झोपेत त्यांना काय दिसत असेल? मी पुष्कळदा विचारलं, पण एकही मणी बोलला नाही. नाताळ उलटला की त्यांचा काकवीसारखा दाट रस निघे आणि त्याची गोड, लाल वाइन होई. आमच्याकडे तिला रेचोतो म्हणतात. ती सणालाच निघते, छोट्या पेल्यांतून, आणि बाजारात चांगला भाव खाते.

महायुद्धानंतरची काही वर्षं फार ओढगस्तीची होती. ओरेस्तेचा मुलगा सिल्व्हानो बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत निघाला. जायच्या दिवशी तो बायकोला, झेलिंदाला, माळ्यावर घेऊन आला.

"ईस्टरला येईन," तो म्हणाला. "रेचोतो चांगली उतरली तर या मळ्यावर आपलं भागेल असं समजू. नाहीतर मळा विकायचा, आणि तू चल माझ्याबरोबर."

"आणि मामंजी?"

"ते ही टेकडी सोडतील असं वाटतं तुला?"

झेलिंदानं मान हलवली. म्हातारा या घरात एकटा पडणार, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. माझा जीव अगदी टांगणीला लागला.

त्या हिवाळ्यात ओरेस्ते छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला, आणि द्राक्षांचं सगळं झेलिंदावर आलं. ती खालच्या सपाटीवरची, भाताच्या खाचरांकडची. तिकडे द्राक्षं कुणी निजवत नाही, पण तिच्या आईनं रेशमाच्या अळ्या खूप पोसल्या होत्या. मग काय, धुकं आलं. आलं ते हलेचना. मणी ओलसर झाले. झेलिंदाला त्यांची कीव आली. अळ्या गारठल्या की तिची आई जे करायची तेच तिनं केलं. खिडक्या घट्ट लावल्या आणि माळ्यावर शेगडी पेटवली.

खोटं कशाला बोलू? मला ती ऊब बरी वाटली. पण दोनच दिवसांत घडांवर पांढुरकी लव दिसली, मग ती राखाडी झाली. बुरशी! मी ओरडले असते, पण ताटीचा आवाज माणसांना कुठला ऐकू येणार?

खालच्या खोलीत ओरेस्तेला वास आला. घोंगडी गुंडाळून, दोन्ही हात टेकत तो जिना चढून आला.

"अगं पोरी, ही द्राक्षं आहेत, अळ्या नव्हेत! यांना ऊब कसली देतेस? गारठाच हवा यांना!"

त्यानं खिडक्या धाडधाड उघडल्या. झेलिंदा रडायला लागली.

"रडू नकोस तिथं," म्हातारा म्हणाला. "रेचोतो खारट होईल."

मग दोघं माझ्याशेजारी बसली आणि एकेक मणी तपासून सडका फेकत राहिली. खोकून खोकून म्हाताऱ्याचे डोळे पाणावले, तरी तो उठला नाही. शेवटी उरली ती द्राक्षं एका टोपलीत मावली. माझ्या अंगावर मात्र काळा डाग पडला.

ईस्टरच्या आदल्या दिवशी झेलिंदा मला अंगणात घासत होती, तेव्हा सिल्व्हानो आला. पापण्यांच्या कडांना कोळसा तसाच होता. ओरेस्तेनं त्याला पेला दिला. तो प्यायला आणि डोळे मिटून बराच वेळ बसला.

"छान उतरलीय. पिंप किती भरलं?"

"पिंप कसलं! दोन सुरया."

"दोनच?"

झेलिंदा तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारा घाईघाईनं म्हणाला, "माझीच चूक. थंडी सोसवेना, म्हणून माळ्यावर शेगडी पेटवली मी."

सिल्व्हानो बापाकडे बघतच राहिला. "तुम्ही? बाबा, द्राक्षांपायी तुम्ही आम्हाला लहानपणी कुडकुडत ठेवलंत. आई नुसती चिडायची! आणि म्हणे शेगडी!"

"म्हातारा झालोय," ओरेस्ते जमिनीकडे बघत पुटपुटला.

झेलिंदाचे डोळे भरून आले. सिल्व्हानोनं तिच्याकडे पाहिलं, पुन्हा बापाकडे पाहिलं. सारं उमगलं त्याला.

तो उठला आणि झेलिंदाच्या हातातला ब्रश घेऊन मला घासू लागला.

"असा नाही जायचा हा डाग," तो म्हणाला. "सुगीच्या आधी गंधकाची धुरी द्यावी लागेल."

"देईन मी," झेलिंदा म्हणाली.

"तू कशाला? मी असेन ना."

ओरेस्तेनं तोंड फिरवलं आणि खोकल्याचं निमित्त करून डोळे पुसले.

मित्रांनो, डाग काही गेला नाही. पण मळा विकला नाही; त्या सुगीत बापलेकांनी मिळून माझ्यावर द्राक्षं निजवली, आणि पुढेही किती तरी वर्षं. आता सगळीकडे प्लॅस्टिकचे क्रेट आलेत. मी भिंतीला टेकून अर्धवट झोपेत असते. तुमच्या घरी माझ्यासारखं डागाळलेलं जुनं काही असेल, तर कधीतरी त्याला उन्हात काढा, हातानं पुसा. बरं वाटतं हो.