वरून पांढरा, आत कवडी

म्हातारपणी स्वभाव निवळतो असे म्हणतात. माझा निवळलेला नाही, मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो. मी एक कीबोर्ड आहे. कधीकाळी पांढरा होतो, आता चहाच्या गाळणीसारखा दिसतो. पांढरकवड्याजवळ, हैदराबादच्या हमरस्त्याला लागून एक कापूस खरेदी केंद्र होते. तिथे मी इमानाने नोकरी केली आणि आज त्याच केंद्राच्या अडगळीत फाटक्या बारदानाखाली पडलो आहे. माझी हकिगत ऐकून तुम्हाला माझी कीव आली, तर ती तुमच्याजवळच ठेवा. मला कीव नको. मला माझ्या माथ्यावरचा ठपका पुसून हवा आहे.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. कुणीतरी माझे प्रत्येक बटण एकदा दाबून पाहिले आणि मला खोक्यात घातले, एवढेच मला आठवते. नागपूरच्या एका दुकानातून मी ट्रकने इकडे आलो. ती वर्षे कापसाला वाईट होती. कुठे बोंडअळी, कुठे पाने लाल करणारा लाल्या रोग, आणि जो काही चांगला माल हाती लागे तो घेतानाही केंद्रावर नाक मुरडले जाई. मला मात्र मोठ्या थाटात आणले गेले. मॅनेजर साहेबांनी हळदकुंकू लावले, नारळ फोडला, माझ्या बटणांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या बसवल्या. हळद माझ्या फटींत गेली ती शेवटपर्यंत निघाली नाही.

तोवर केंद्रावरच्या चिठ्ठ्या हाताने लिहीत. मी आल्यावर त्या छापील झाल्या. चिठ्ठीवर गाडीवाल्याचे नाव, गाव आणि खाली ‘शेरा’ असे. शेरा म्हणजे मालाची प्रत कशी आहे ते. बरेच गाडीवाले निरक्षर असल्याने फाटकावरचा भीमराज प्रत्येक चिठ्ठी खड्या आवाजात वाचून दाखवायचा. सगळी रांग ऐकायची. लोक म्हणत, “छापून आलं म्हणजे खरंच असन.” अशा वेळी मला किती अभिमान वाटे! छापून येते ते खोटेही असू शकते, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते.

शेरा टाईप करायचे काम श्रीकृष्णरावांचे. हे यवतमाळचे. घरात तीन पिढ्या कचेरीची नोकरी, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला आठी. कापूस त्यांना कळायचा, हे मी कबूल करतो. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन चिमटींत धागा ओढायचा, की त्यांना सगळे समजे. पण गाडीपाशी ते अवाक्षर बोलत नसत. कुणी विचारले तर म्हणत, “चिठ्ठीत येईल.” सकाळी माल पाहायचा आणि दुपारी चिठ्ठ्या काढायच्या, कारण भारनियमनामुळे वीज बारा वाजता यायची आणि चारला जायची.

आता या गृहस्थांचा शौक ऐका. त्यांना कॉम्प्युटरवरच्या खेळांचे वेड होते. वय बेचाळीस, डोक्यावर टक्कल, आणि बाराला वीज आली की हे शर्यतीत गाड्या पळवत बसायचे! नागपूरला त्यांचा मेहुणा मंदार सीड्यांचे दुकान चालवायचा. तो नव्या खेळांच्या सीड्या एसटीने पाठवी आणि हे खेळून पाहून आपले मत कळवत, म्हणजे कोणता खेळ दुकानात ठेवायचा ते मंदारला ठरवता येई. बाहेर बैलगाड्यांची रांग उन्हात उभी असे, आणि भीमराज सांगे, “साहेब चिठ्ठ्या काढून राह्यले.” साहेब इकडे माझ्या बाणाच्या बटणांवर बोटे आपटत राक्षस मारत असत. गोळी झाडायची म्हणजे माझ्या लांब बटणावर अंगठा दणकन हाणायचा. खेळात हरले की माझ्यावर थाप मारायची. पोह्यांवरचा तिखट रस्सा, म्हणजे तर्री, माझ्या पोटात गेली, तरी त्यांनी मला पुसले नाही. मित्रांनो, मी त्या माणसाचा मनापासून द्वेष करतो.

पण खरे सांगायचे तर त्यांची मते वाचण्यासारखी असत. त्यांच्याजवळ कौतुकाचे आणि निंदेचे शब्द होते ते सगळे कापसाचे. मोटारींच्या एका खेळाबद्दल त्यांनी लिहिले, “रंग उत्तम, धागा आखूड. तीन वळणांत संपतो.” किल्ला बांधण्याचा एक संथ खेळ त्यांना फार आवडला. त्यावर लिहिले, “धागा लांब, कचरा कमी, ओढ चांगली. घाई करू नये. एक नंबर.” विमानाच्या खेळावर, “ओल फार. वळवता वळत नाही, हात जड होतो.” या शब्दांत मंदारला सगळे कळायचे.

ही मते ते कुठे लिहीत, ते सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. ते लिहीत चिठ्ठीच्याच फॉर्मवर. नाव-गावाची जागा कोरी ठेवायची आणि शेऱ्याच्या चौकटीत खेळाचे मत टाईप करायचे. मॅनेजर साहेबांच्या चपला वाजल्या की खेळ बंद करायचा. पडद्यावर चिठ्ठी दिसे आणि चिठ्ठीत कापसाचीच भाषा. साहेबांना वाटे, बाबू कामात आहेत. ही युक्ती त्यांना फार हुशारीची वाटत असे.

तो खरेदीचा शेवटचा शनिवार होता. संध्याकाळी केंद्र बंद होणार, मग पुढच्या हंगामापर्यंत एक गाडी आत यायची नाही. मारेगावच्या रस्त्यावरच्या तांड्यावरून हरिसिंग राठोड आणि त्यांच्या पत्नी रुपीबाई गाडी घेऊन आले होते. तीन दिवस रांगेत होते. सोबत वर्षा ही त्यांची मुलगी. ती यवतमाळला डी.एड. करत होती, सुटीत घरी आली होती. सकाळी श्रीकृष्णरावांनी त्यांच्या गाडीतला कापूस पाहिला आणि खिडकीपाशी येऊन स्वतःशीच पुटपुटले, “काय निवड आहे!” हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. रुपीबाई वेचणीलाच कवडी वेगळी काढायच्या. कवडी म्हणजे अळीने खाल्लेल्या बोंडातला पिवळा, चिकटलेला कापूस. चांगल्या मालात त्याची चार बोंडे मिसळली की सगळा माल बाद. त्या वर्षी वावरात कवडीच जास्त होती, म्हणून चांगला कापूस एकेक बोंड पाहून निवडावा लागला होता.

बाराला वीज आली. चौदा चिठ्ठ्या काढायच्या होत्या. श्रीकृष्णरावांनी त्या काढल्या नाहीत. मंदारने खजिना शोधण्याचा एक नवा खेळ पाठवला होता, वेष्टनावर सोन्याचा डोंगर छापलेला. ते दोन तास तो खेळ खेळले. खेळ भिकार निघाला. प्रत्येक दाराआड तेच दार, तोच दिवा आणि तोच सांगाडा. चिडून त्यांनी माझ्यावर बोटे आपटत लिहिले, “वरून पांढरा, आत कवडी. दोन तास वाया गेले. पुन्हा घेऊ नये.”

तेवढ्यात चपला वाजल्या. खेळ बंद झाला. मॅनेजर साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“एकही चिठ्ठी नाही अजून? बाहेर लोक बोंबलताहेत, श्रीकृष्णराव!”

“हा काय, काढतोच आहे, साहेब.”

घाबरून त्यांनी पहिले नाव टाईप केले. हरिसिंग राठोड. खालचा शेरा पुसायचा राहिला. छापायचे बटण दाबले, आणि मॅनेजर साहेबांनी यंत्रातून कागद ओढून न वाचताच भीमराजच्या हाती दिला.

भीमराजने आपल्या खड्या आवाजात वाचले, “हरिसिंग राठोड! वरून पांढरा, आत कवडी. दोन तास वाया गेले. पुन्हा घेऊ नये!”

खिडकी उघडी होती. श्रीकृष्णरावांनी प्रत्येक शब्द ऐकला. त्यांची बोटे माझ्यावर थिजली. धावत जाऊन सांगायला दहा पावलेही लागली नसती. ते उठले नाहीत. मित्रांनो, त्यांनी काय केले माहीत आहे? मागे पुसायचे बटण दाबून शेऱ्यातले एकेक अक्षर खोडले आणि दुसऱ्या गाडीवाल्याचे नाव टाईप करायला घेतले.

बाहेर कुजबूज सुरू झाली. “पांढरं वर टाकलं अन् खाली कवडी लपवली,” कुणी म्हणाले. “यायच्यासारख्याइमुळंच आपल्यालेबी रोकते,” दुसरा म्हणाला. हरिसिंग बैलांकडे वळले आणि त्यांनी जू उचलले. रुपीबाईंनी ते त्यांच्या हातातून काढून खाली ठेवले आणि वर्षाला घेऊन त्या सरळ कचेरीत आल्या.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “माह्या गाडीतली कवडी मले दाखवा.”

“शेरा दिला आहे, बाई. बाहेर व्हा.”

“गाडी रिकामी करते. तुमी हात घाला. एक कवडी निंघाली तं मी हा माल इथंच जाळून जाईन. नाई निंघाली तं?”

वर्षाच्या हातात ती चिठ्ठी होती. तिने ती दोनदा वाचली.

“याडी, थांब,” ती आईला म्हणाली आणि श्रीकृष्णरावांकडे वळली. “साहेब, यात लिहिलंय, दोन तास वाया गेले. तुमी आमच्या गाडीपाशी पाच मिन्टंही उभे नोते. हे दोन तास कायचे?”

“दोन तास तं आमचे गेले,” रुपीबाई म्हणाल्या. “बाराची लाइन आली तवापासून बैलं उन्हात हायेत. तुमचे कोनते गेले, सांगा न.”

सीडीचे वेष्टन पडद्याशेजारीच पडले होते, सोन्याच्या डोंगरासकट. वर्षाने ते पाहिले. मग पाहिले ते आरडाओरडा ऐकून परत आलेल्या मॅनेजर साहेबांनी. श्रीकृष्णरावांनी ते वेष्टन वहीखाली सरकवले आणि माझ्याकडे बोट दाखवले.

“साहेब, हा कीबोर्ड बिघडलाय. दाबावं एक आणि उमटतं भलतंच. किती दिवस सांगतोय मी.”

एक दिवसही सांगितले नव्हते.

“बटन बिघडलं तं अक्षर चुकते, साहेब,” वर्षा म्हणाली. “अशी तीन सरळ वाक्यं कशी येतीन? मी क्लास केला हाय याचा. सरका.”

ते सरकले नाहीत, तेव्हा तिने उभ्यानेच हात पुढे केला. माझ्या पट्ट्या झिजलेल्या होत्या, काही अक्षरे तर दिसतही नव्हती. तरी तिने हलक्या बोटांनी टाईप केले, “रुपीबाईने एकेक बोंड निवडले आहे.” पडद्यावर तेच उमटले, काना-मात्रेसह. इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी इतके नीट वागले नव्हते.

मॅनेजर साहेबांनी पडदा पाहिला, वहीखालून डोकावणारे वेष्टन पाहिले आणि श्रीकृष्णरावांकडे पाहिले. त्यांना सगळे कळले होते, मित्रांनो. पण दारात माणसे जमली होती आणि साहेबांना केंद्राची अब्रू आठवली.

“झालं ते झालं,” ते म्हणाले. “दुसरी चिठ्ठी काढा. माल आत घ्या. आणि हा कीबोर्ड आजपासून बाद.”

“माह्या निवडीले नाव ठेवलं तवा छापून आलं,” रुपीबाई म्हणाल्या. “कोन चुकलं ते कायले छापून येत नाई?”

“बाई, तुमचा माल घेतो आहोत ना? संध्याकाळी केंद्र बंद होतं आहे. वाद घालायचा की गाडी आत घ्यायची, ते बघा.”

रुपीबाईंनी दाताखाली ओठ धरला. गाडी तर आत न्यायलाच हवी होती. एवढेच म्हणाल्या, “पयली वाचली तेवढ्याच मोठ्यानं वाचा.”

मग श्रीकृष्णरावांनी माझ्यावर शेवटची चिठ्ठी टाईप केली. “लांब धागा, स्वच्छ माल, एक नंबर. यंत्रातील बिघाडामुळे आधीची चिठ्ठी रद्द.” माझ्यावरचा खोटा आरोप माझ्याकडूनच लिहून घेतला. मी काय करणार? दाबले ते उमटवणे हा माझा धर्म. बिघडलेल्या कीबोर्डने आपल्या बिघाडाची बातमी एकही चूक न करता छापली, आणि दारातल्या माणसांपैकी एकालाही त्यात वावगे वाटले नाही. भीमराजने ती मोठ्याने वाचली. गाडी आत गेली. पण कालच्या चिठ्ठीवर माल देऊन रिकाम्या झालेल्या ज्या गाड्या पहिली चिठ्ठी ऐकून निघून गेल्या होत्या, त्या ‘आत कवडी’ हेच गावोगाव घेऊन गेल्या.

माझी वायर उपटली आणि मला इथे फेकले. हंगामाच्या हिशेबासाठी श्रीकृष्णरावांना सोमवारी नवा कीबोर्ड मिळाला. त्यावरही ते खेळतच असतील.

अशा गोष्टीच्या शेवटी म्हाताऱ्या वस्तू विनवणी करतात, मला पुसा, मला जपा म्हणून. माझे तसे काही मागणे नाही. धूळ मी सोसली आहे, तर्रीही सोसली आहे. खेळा, मित्रांनो, हवे तेवढे खेळा आणि मनाला येईल ते मत लिहा. पण चुकलात तर आमच्याकडे बोट दाखवू नका. ‘मी’ लिहायला माझी दोनच बटणे लागतात. ती त्या दिवशीही चालू होती.