तुलनेची जागा

"बुधीताई, मापाकडे बघा, माझ्याकडे नको," असं म्हणत प्राजक्तानं फोटो काढला. पुण्याहून येणारी ही संशोधक मुलगी. तिच्या शेजारी दोन परदेशी साहेब उन्हात छत्र्या उघडून उभे होते. मार्च संपत आलेला, पाऊस मोजायचं नळकांडं कोरडंठाक. तरी बुधीनं काचेचं रिकामं माप डोळ्यांसमोर धरलं. पाहुण्यांची हौस.

ढगांत मीठ फवारून पाऊस वाढवायचा, असा तीन देशांनी मिळून मांडलेला हा प्रयोग. त्यासाठी कर्नाळ्याच्या पायथ्याची ही कातकरवाडी निवडली होती. बुधीचं काम एवढंच, की रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि वहीत आकडा लिहायचा. चौथी शिकलेली बाई, पण तीन वर्षांत एक खाडा नाही. नवरा, शुक्रा, गेला त्या सकाळीसुद्धा प्रेत दारात ठेवून ती आकडा लिहून आली. लोकांनी तोंडात बोटं घातली. आपण चुकलो तर वाडीचं पाणी हुकेल, ही तिची धास्ती.

शेजारच्या वेणूनं एकदा सुचवून पाहिलं होतं, "कमी लिव ना गं. कमी पडतो म्हनलं का विमान लवकर धाडतील."

"पडला तेवडाच लिवनार. खोटं सापडलं तं मिलायचं तेबी नाय मिलनार."

आज साहेब निघायच्या तयारीत दिसले, तेव्हा तिला राहवलं नाही. "मॅडम, ते विमान आमच्या वाडीवर कवा येनार?"

प्राजक्ता गोंधळली. "इथे नाही येणार, ताई. मीठ घाटापलीकडे फवारलं. तिकडे पाऊस खरंच वाढला का, हे कळायला काहीच न केलेली एक जागा लागते. तुमची वाडी तुलनेला होती. आणि तुमच्या नोंदी सगळ्यांत चोख निघाल्या हं."

"म्हंजे आमच्याकडं काय करायचंच नवतं?"

"इथे पाऊस भरपूर आहे हो. साठत नाही, हा प्रश्न आहे. पण तो आमच्या प्रोजेक्टमध्ये येत नाही."

बुधीला संताप आला. मॅडमपेक्षा स्वतःचाच जास्त. कुणाच्या पाण्यासाठी आपण घरातलं मढं सोडून धावलो, हे आज कळत होतं. साहेबांनी हात जोडले, तिनंही जोडले. नळकांडं उपटून गाडीत चढवलं आणि गाडी हायवेकडे वळली.

हंडा घेऊन ती ओढ्यावर गेली. वाळूत खणलेल्या खड्ड्यात पाणी झिरपेल तसं वाटीवाटीनं भरायचं, त्यामुळे बायकांची रांग लागलेली असे. पण वाडीला पाणी आणणारी बाई म्हणून तीन वर्षांत बुधीला कुणी रांगेत थांबू दिलं नव्हतं. आजही वेणूनं आपला हंडा मागं ओढला.

"ये, म्होरं ये. काय म्हनलं सायेब?"

"तू भर आदी," बुधी म्हणाली आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसली.